बार्देशातलं जुनं घर आणि आमचे आठ लाख

फोटो बघूनच आम्ही पाघळलो होतो, हे आधी कबूल करते. गोव्यातल्या बार्देशातलं पोर्तुगीज काळातलं घर, पुढे बलकांव, म्हणजे बसायचा ओटा असलेला व्हरांडा, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या, मागे माडांची बाग आणि ‘शेजारी कोणीच नाही’. पुण्यात पाचव्या मजल्यावर राहणारी बाई मी. त्या चकत्यांतून लाल कोब्यावर पडलेला दुधी उजेड बघितला आणि माझं डोकं चालेनासं झालं.

विकणारा गृहस्थ गोड बोलणारा. घरपट्टी आणि वीजबिल त्याच्याच नावावर. (पंचायतीची घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे, हे शहाणपण नंतरचं.) फॉर्म एक-चौदा, म्हणजे तिकडचा सातबारा म्हणा, त्यावर मात्र त्याच्या आजोबांचंच नाव होतं. “लिस्बनच्या बहिणीचं मुखत्यारपत्र आहे ना, वहिनी! इन्व्हेंटरी नंतर होते, फॉर्मॅलिटी असते.” एजंटने मान डोलावली. आम्ही आठ लाख बयाणा दिला. तीन लाख चेकने, पाच लाख रोख. रोख का दिले, हे मला आजही सांगता येत नाही.

इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मिळकत वाटण्याची कायदेशीर प्रक्रिया, ही फॉर्मॅलिटी नसते. गोव्याचा वारसा कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला. मुलगे-मुली दोघेही सक्तीचे, म्हणजे सहजासहजी वगळता न येणारे वारस, शिवाय लग्नानंतर मिळकत सहसा नवराबायकोची सामाईक होते. म्हणजे भावंडांबरोबर त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या हव्यात. कोणाचा हिस्सा किती, हे इन्व्हेंटरीतच ठरतं. आमच्या विक्रेत्याला चार भावंडं. आम्ही पाहिली एकीची सही.

‘शेजारी कोणी नाही’ हेही खोटंच. माडांपलीकडे एक म्हातारी राहते, मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारी. १९७५ च्या कायद्याने तिला सहजासहजी काढता येत नाही, उलट घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क तिचा. तिची पायवाट थेट विहिरीवरून जाते.

तिनेच आम्हाला वाचवलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आम्ही मापं घ्यायला गेलो होतो. ख्रिश्चनांचा मृतांचा दिवस नुकताच झालेला. तिला मी लिस्बनच्या बाईंबद्दल सहज विचारलं, तर म्हणाली, “ती केन्नाच गेली,” आणि आम्हाला चर्चमागच्या सिमितेरीत, म्हणजे दफनभूमीत, घेऊन गेली. संगमरवरी क्रूसापाशी वाळत चाललेली झेंडूची फुलं, वितळून चपट्या झालेल्या मेणबत्त्या, आणि खाली तेच नाव. तारीख मुखत्यारपत्राच्या वर्षभर आधीची. देणारा मेला की मुखत्यारपत्र संपतं. हिचं तर मेल्यावर जन्मलं होतं.

पोलिसांत तक्रार दिली. चेकचे तीन लाख वकिलाच्या नोटिशीनंतर परत आले. रोख पाच लाखांबद्दल गृहस्थ म्हणतात, “कसले पाच?”

गेल्या आठवड्यात तेच घर पुन्हा विक्रीला आलेलं दिसलं. एजंट नवा, फोटो नवे. बलकांवाच्या कठड्यावर माझी विसरलेली निळी पाण्याची बाटली अजून आहे. बघायला जाणार असाल तर आधी मागच्या म्हातारीला भेटा.