गिटार नाही, तरी अस्सल मेटल: 'व्हॅन कॅन्टो' काही महिने ऐकल्यानंतर

पाच गळे आणि एक ड्रमसेट. जर्मनीच्या 'व्हॅन कॅन्टो' या बँडने एवढ्याच सामानावर आपले पहिले अल्बम उभे केले. इलेक्ट्रिक गिटार नाही, बेस गिटार नाही, कीबोर्ड नाही. तरी जे कानावर पडतं ते पॉवर मेटलच असतं, म्हणजे हेवी मेटलचा वेगवान, सुरेल प्रकार. गेले कित्येक महिने हा बँड माझ्या रोजच्या ऐकण्यात आहे. नवलाई ओसरून बराच काळ झाला, म्हणून आता लिहायला बसले. अशा बँडबद्दल बहुतेक जण पहिल्याच गाण्यानंतर मत देऊन मोकळे होतात. कुणी म्हणतं भारी गंमत आहे, कुणी म्हणतं हे काय भलतंच. मला सांगायचंय ते गंमत संपल्यावर काय उरतं त्याबद्दल. आणि उरतं ते पुष्कळ.

आधी बँडची रचना. 2006 साली श्टेफान श्मिटने हा बँड सुरू केला आणि त्याच वर्षी पहिला अल्बम आला. ज्या फळीने त्यांचं नाव झालं, तिच्यात डेनिस शुंके (सगळे त्याला स्लाय म्हणतात) आणि इंगा शार्फ हे दोघे मुख्य गायक, म्हणजे शब्द यांच्या वाट्याला. श्मिट, रॉस थॉम्पसन आणि इंगो स्टरझिंगर हे तिघे गिटार आणि बेसच्या जागी. ड्रमवर बास्टियान एमिग. थॉम्पसन वरच्या पट्टीतली गिटार सांभाळतो, श्मिट खालची, आणि स्टरझिंगर अगदी तळाशी बेस धरून असतो. श्मिटकडे आणखी एक काम आहे, सोलोचं, म्हणजे गाण्याच्या मध्ये एकट्या गिटारने वाजवायच्या धुनेचं. त्यावर पुढे सविस्तर लिहिते.

गिटारच्या जागी हे तिघे नेमकं करतात काय? अर्थ नसलेले बोल गातात. 'रक्कटक्का', 'डंडं', 'रिडिडी' असे. तबल्याची पढंत ऐकलेल्या माणसाला यात चमत्कारिक काहीच वाटणार नाही. हाताने जे वाजणार तेच तोंडाने म्हणायचं आणि त्यात ठेका, वजन, आघात सगळं आणायचं, ही गोष्ट आपल्या कानाला सवयीची आहे. मला वाटतं म्हणूनच मराठी श्रोत्याला हा बँड लवकर जवळचा वाटावा.

या बोलांची निवड फार विचारपूर्वक केलेली आहे, आणि हे मला बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं. गिटारवादक उजव्या हाताचा तळवा तारांवर हलकासा टेकवून वाजवतो तेव्हा सूर आखूड, दबका आणि ठोकल्यासारखा येतो. मेटलचा सगळा दणका या 'पाम म्यूट'मध्ये असतो. गळ्याने तो आणायचा तर स्वर मध्येच कापावा लागतो, आणि कापायचं काम व्यंजनं करतात. 'क्क' आणि 'ट्ट' म्हणताना तोंडातली हवा क्षणभर पूर्ण अडते, तिथेच तो दबका ठोका तयार होतो. सुरुवातीच्या 'र'ने तारेवर पिक (तार छेडायची चकती) घासल्याचा खरखरीतपणा येतो. लांब धरलेला कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) असेल तिथे तोंड उघडून 'आ' किंवा 'ओ' येतो आणि आवाज एकदम रुंद होतो. गिटारवादक पायाखालच्या 'वा-वा' पेडलने सुराचा रंग सरकवतो, तेच काम इथे ओठ आणि जीभ करतात. खरं तर तो पेडलच तोंडाच्या हालचालीची नक्कल करतो, त्यामुळे इथे मूळ मालकाकडेच काम परत आलंय म्हणायला हरकत नाही.

आता वजनाचा प्रश्न, कारण मेटलवाल्यांची पहिली तक्रार तीच असते. 'ऐकायला छान आहे, पण जड नाही.' तक्रार खरी आहे आणि तिच्यामागे कारण आहे. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे 82 हर्ट्झला लागते. गंमत म्हणजे खर्जात गाणाऱ्या पुरुषाचा आवाजही साधारण तिथपर्यंतच उतरतो, म्हणजे सुराच्या हिशोबाने गळा गिटारची बरोबरी करू शकतो. फरक पडतो तो डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे अँपमध्ये (ध्वनिवर्धकात) गिटारचा आवाज मुद्दाम फाटू दिल्यामुळे. पॉवर कॉर्डमध्ये मूळ सूर आणि त्याचा पंचम एकत्र वाजतात, म्हणजे 82 आणि 123 हर्ट्झ. हे दोन्ही एकाच तापलेल्या अँपमधून गेले की त्यांच्या फरकाचा तिसरा सूर आपोआप जन्माला येतो, 41 हर्ट्झचा, थेट एक सप्तक खाली. कुणी न वाजवलेला हा खालचा सूर म्हणजे मेटल गिटारचं वजन. दोन माणसांनी आपापल्या गळ्यातून सा आणि प गायला तर सुरेल लागतं, पण तळघरातला तो तिसरा सूर तसा उमटत नाही. म्हणून व्हॅन कॅन्टो ऐकताना छातीवर दाब येत नाही. त्याऐवजी प्रत्येक सूर सुटा आणि स्वच्छ दिसतो. मला आता ही उणीव वाटत नाही, पण छातीवरच्या दाबासाठीच मेटल ऐकणाऱ्याने हे आधी माहीत करून घ्यावं.

बहुतेक लोक या बँडकडे येतात ते दुसऱ्यांच्या गाण्यांमधून. 2008 च्या 'हीरो' या अल्बमवर नाइटविशचं 'विशमास्टर', आयर्न मेडनचं 'फिअर ऑफ द डार्क', ब्लाइंड गार्डियनचं 'द बार्ड्स साँग' अशी इतर मेटल बँडची ओळखीची गाणी आहेत. यातलं 'फिअर ऑफ द डार्क' त्यांनी निवडलं हे फार योग्य झालं. मेडनचे मैफलींतले रेकॉर्डिंग ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक असेल, या गाण्याच्या सुरुवातीची गिटारची धून हजारो लोक 'ओ ओ ओ' करत गिटारबरोबर गातात. शब्द नाहीत, नुसती धून. म्हणजे मेटलचा श्रोता गिटार तोंडाने गातच होता, फक्त तो स्टेजच्या खाली उभा होता. व्हॅन कॅन्टोने त्याला वर नेलं. हे एकदा डोक्यात बसलं आणि 'मेटलमध्ये हे कसं चालेल' हा प्रश्न माझ्यापुरता निकालात निघाला.

पण जवळून ऐकायला हवं ते 2010 च्या 'ट्राइब ऑफ फोर्स'वरचं 'मास्टर ऑफ पपेट्स'. मेटालिकाचं मूळ गाणं 1986 चं, आठ मिनिटांहून लांब, आणि त्यातली रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, सगळे फटके वरून खालीच मारत वाजवलेली. मनगट मोडणारं काम. गळ्यासाठी ते मनगटाइतकंच कठीण आहे, कारण त्या रिफमध्ये श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही. गिटारला फुप्फुसं नसतात. हेडफोन लावून नीट कान दिला तर कळतं की ही माणसं ठोक्यांच्या मधल्या फटींतून श्वास चोरतात, आणि त्या चोरट्या श्वासाचाही एक ताल तयार होतो. यंत्राच्या वेगाच्या गाण्यात माणसाची धाप ऐकू येणं मला अतिशय भावलं. गाण्याच्या मधोमध डिस्टॉर्शन नसलेल्या गिटारचा जो शांत भाग येतो, तिथे तर गळे अक्षरशः घरी आल्यासारखे वागतात. एकावर एक उलगडत जाणारे ते सूर माणसाच्या आवाजात ऐकले की त्या भागात दडलेलं दुःख जास्त उघडं होतं. हा भाग मी मूळ गाण्यापेक्षा यांच्याकडून ऐकणं पसंत करते, आणि हे मी विचार करून लिहिते आहे.

सोलो हा मात्र वादाचा मुद्दा. श्मिट सोलो गातो तेव्हा त्याच्या आवाजाला डिस्टॉर्शनची धार दिलेली असते, त्यामुळे तो गळा आणि गिटार यांच्या मधलं काहीतरी होऊन बसतो. जिथे सोलो सुरांना ओढत, वळवत जाणारा आहे तिथे हे उत्तम साधतं. तार ताणून सूर वर चढवणं म्हणजे मींडच, आणि मींड गळ्याइतकी कुणाला येते? पण सेकंदाला दहा-बारा सुरांचा मारा असेल तिथे बोल एकमेकांत अडकतात आणि ऐकणाऱ्याचं लक्ष संगीतावरून कसरतीवर जातं. इतक्या महिन्यांनंतरही वेगवान सोलो मला पटलेले नाहीत. तिथे त्यांनी गिटारच्या मागे धावण्याऐवजी गळ्याला शोभेल असं वेगळं काही बांधलं असतं तर जास्त आवडलं असतं.

ड्रम मात्र खरे ठेवले हा निर्णय शंभर टक्के बरोबर. तोंडाने ड्रम काढणारे कलाकार आज कमी नाहीत, आणि तसं केलं असतं तर 'संपूर्ण गळ्याचा बँड' म्हणून मिरवताही आलं असतं. पण दोन्ही पायांनी घुमवलेला बेस ड्रम आणि झांजांचा लख्ख आवाज यांच्यामुळेच वरचे गळे मेटलच्या जमिनीवर उभे राहतात. शिवाय गळ्यांना ज्या तळाच्या दणक्याची उणीव आहे, तो थोडाफार बेस ड्रम भरून काढतो. एमिग वाजवतोही नेमकं. जिथे बोल दाट आहेत तिथे हात आखडता घेतो.

तुलनेसाठी फिनलंडच्या 'अपोकॅलिप्टिका'चं नाव हमखास निघतं. त्यांनी 1996 मध्ये चार चेलोंवर मेटालिकाची गाणी वाजवून हाच प्रयोग दुसऱ्या वाटेने केला होता. मी दोन्ही ऐकते. चेलोला गज आहे, सूर हवा तितका लांब धरता येतो, आणि तारेचा मूळचा कर्कशपणा डिस्टॉर्शनच्या जवळ जातो. वजनात ते सरस आहेत. पण रिफमधला आघात, तो तुटक ठोका, मला गळ्यात जास्त स्पष्ट ऐकू येतो. व्यंजनाची बरोबरी गजाला करता येत नाही.

आता त्यांच्या स्वतःच्या गाण्यांबद्दल, कारण महिनोन्महिने टिकली ती हीच. दुसऱ्यांच्या गाण्यात मूळ गिटार आपल्या डोक्यात वाजत असते आणि आपण नकळत तुलना करत बसतो. स्वतःच्या गाण्यात तुलना करायला काही नसतं. 2011 च्या 'ब्रेक द सायलेन्स'वरचं 'इफ आय डाय इन बॅटल' किंवा 2014 च्या 'डॉन ऑफ द ब्रेव्ह'वरचं 'बादाबूम' ऐका. ही गाणी गळ्यासाठीच बांधलेली आहेत. रिफ जिथे संपते तिथे तेच गळे सरळ समूहगानात मिसळतात आणि वाद्य कुठे थांबलं, गायन कुठे सुरू झालं याचा सांधा दिसत नाही. गिटारच्या बँडला हे करताच येणार नाही. कोरसला सगळे गळे एकत्र शब्दांवर येतात तेव्हा जो उजेड पडतो, त्यासाठी मी या बँडकडे पुन्हा पुन्हा जाते.

2016 चा 'व्हॉइसेस ऑफ फायर' सगळ्यात महत्त्वाकांक्षी. क्रिस्टोफ हार्डेबुश या जर्मन लेखकाच्या फँटसी कादंबरीशी जोडलेली सलग कथा, सोबत मोठे गायनवृंद आणि निवेदनाला अभिनेते जॉन ऱ्हिस-डेव्हिस यांचा भारदस्त आवाज. भव्य आहे, पण वृंदाच्या गर्दीत मधले तीन गळे हरवतात. ज्यासाठी आपण आलो तेच मागे पडल्यासारखं होतं. एकदा सलग ऐकावा, रोजचा अल्बम तो नाही.

मेटलच्या जुन्या मंडळींनी यांना कसं घेतलं, याचं उत्तर अल्बमांवरच आहे. ग्रेव्ह डिगरचं 'रिबेलियन' यांनी गायलं तेव्हा ग्रेव्ह डिगरचा क्रिस बोल्टेनडाल स्वतः गायला आला. 2018 च्या 'ट्रस्ट इन रस्ट'वर हेलोवीनचं 'राइड द स्काय' आहे आणि त्यात काई हान्सेन आहे, ज्याने ते गाणं 1985 मध्ये मुळात गायलं होतं.

ऐकायचं कशावर, हे सांगायलाच हवं. फोनच्या स्पीकरवर हा बँड ऐकू नका. खर्जातले गळे तिथे गायब होतात आणि नुसती व्यंजनं उरतात, मग ती बडबड वाटते. बरे हेडफोन किंवा खोलीतले स्पीकर हवेत, आवाजही जरा मोठा हवा. दुसरं म्हणजे सगळे गळे जवळजवळ एकाच पट्ट्यात दाटलेले असल्याने सलग पूर्ण अल्बम ऐकताना कान थकतो. चार-पाच गाण्यांनंतर थांबलेलं बरं. काम करताना मागे लावून ठेवायलाही हे जमत नाही. गिटार मागे राहू शकते, पण माणूस बोलतोय-गातोय म्हटल्यावर कान तिकडे जाणारच. आणि गुरगुरत्या, घशातून ओरडलेल्या गायनाची आवड असेल तर इथे हाती फारसं लागणार नाही. गायन बहुतेक ठिकाणी सरळ, सुरेल आहे.

एक परिणाम मला अपेक्षित नव्हता. यांच्यामुळे मी गिटारचे बँड अधिक नीट ऐकायला लागले. मेटालिकाच्या त्याच गाण्यात आता मला दोन गिटारी वेगळ्या ऐकू येतात, कारण थॉम्पसन आणि श्मिटने त्या दोन वेगळ्या माणसांच्या करून दाखवल्या. बेस काय करतोय याकडे पूर्वी लक्षच जायचं नाही, आता जातं. रिफ मनातल्या मनात म्हणून बघते, आणि जी तोंडाने म्हणता येते ती आठवड्यानंतरही आठवते.

पुढच्या अल्बमांत माणसं बदलली. स्लायच्या जागी हागेन हिर्शमान आला, बेसच्या गळ्यासाठी यान मोरित्झची भर पडली, आणि 2021 च्या 'टू द पॉवर ऑफ एट'मध्ये स्लायही पुन्हा गायला. गळे वाढल्याने आवाज भरलेला झाला आहे, पण मला अजून पाच गळ्यांचा तो सडसडीत काळच जास्त आवडतो. नव्याने ऐकणाऱ्याने 'हीरो'वरच्या ओळखीच्या गाण्यांनी सुरुवात करावी, मग 'ट्राइब ऑफ फोर्स' पूर्ण ऐकावा, आणि तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत 'रक्कटक्का'चं हसू येत असेल तर येऊ द्यावं. ते आपोआप थांबतं. त्यानंतर थेट 'ब्रेक द सायलेन्स' लावा.