नवीन एरियात झूलाघर, पण मुलं आणायची कुठून? मल्टीचा ग्रुप की प्ले स्कूलचं गेट

झूलाघर, म्हणजे पाळणाघर, काढायचं म्हटलं की बाल्कनीला जाळी लागते, एक खोली रिकामी होते, गाद्या-खेळणी येतात, इथपर्यंत सगळ्यांचं होऊन जातं. अडतं ते पहिल्या दोन-तीन मुलांवर, कारण आत एखादं मूल खेळताना दिसलं तरच दुसरी आई आपलं ठेवायला धजते, रिकाम्या खोलीत कोणी ठेवत नाही. इंदूरच्या रामबाग नाहीतर राजेंद्र नगरसारख्या मराठी वस्तीत राहत असाल तर पुढचं वाचायची गरजच नाही, तिथे एका काकूंनी दुसऱ्या काकूंच्या कानावर घातलं की झालं, हळदीकुंकवातच ॲडमिशन होतात. पण निपानिया, महालक्ष्मी नगर, बिचोली या बाजूला अर्धे लोक भोपाळ, जबलपूर, नागपूरहून आलेले, कोणी कोणाला ओळखत नाही आणि त्यात तुम्हीही नवीन. मी रामबागेतून इकडे आले तेव्हा दोन्ही मार्ग करून बघितले, म्हणजे मल्टीच्या (आपल्या बहुमजली बिल्डिंगच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं आणि जवळच्या प्ले स्कूलशी ओळख काढणं, त्यावरून काय वाटलं ते लिहिते. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

आधी किरकोळ गोष्टी उरकते. पेपरात टाकलेल्या पॅम्फलेटवर दुसऱ्या दिवशी कोणीतरी शेव खात असतं, सोडा. एका लिस्टिंगवाल्या साइटवर नंबर टाकला होता, फोन येतात, नाही म्हणत नाही, पण निम्मे "घर पे बाई भेजते हो क्या" विचारणारे, काही थेट राऊ-पीथमपूरहून आणि उरलेले लोनवाले, आणि सगळ्यांची फोन करायची वेळ एकच, दुपारी दीड ते तीन, म्हणजे मोठ्या मुश्किलीने सगळी पोरं झोपवलेली असतात तेव्हा. नंबर काढून टाकला. गूगल मॅपवर पिन मात्र टाकून ठेवा, फुकट आहे आणि पत्ता सांगताना बरं पडतं.

आता ग्रुप. खरं सांगायचं तर वेग याचाच. सकाळी मेसेज टाकला की संध्याकाळपर्यंत दोघी-तिघी चपला घालून वर खोली बघायला येतात. पावसापाण्याची कटकट नाही, मुलाला ताप भरला तर घरचं कोणीतरी पाच मिनिटांत हजर, डबा विसरला तर आजोबा आणून देतात. आणि शेजारी तुम्हाला रोज बघत असतात हा फायदा लहान नाही. आपल्याकडे कचरा गाडीचं गाणं वाजलं की सगळी मल्टी डबे घेऊन खाली, कोणाच्या घरातून काय निघतं ते सगळ्यांना दिसतं. माझ्याकडचे डायपर कागदात गुंडाळून वेगळ्या डब्यात जाताना बघून दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीने तिथेच विचारलं, "आंटी, आप बच्चे रखती हो?" जाहिरातीपेक्षा ते भारी पडलं.

छोटे त्रास आहेतच. रेट सगळ्यांसमोर विचारला जातो, मग कोणीतरी लिहितं की हमारी पुरानी वाली तो आधे में रखती थी. कमिटीतले एखादे काका "रेसिडेन्शियल में कमर्शियल" काढतात, तेव्हा मेसेज टाकायच्या आधीच कमिटीकडून लेखी हो घेऊन ठेवा. हे सगळं निभतं.

नाही निभलं ते वेगळंच. माझ्या बाल्कनीतून पार्किंग दिसतं. न्यायची वेळ ठरलेली सहाची. सव्वासहाला गाडी गेटातून आत येते, स्लॉटला लागते, मागचे दिवे विझतात, आई उतरते, पर्स खांद्याला, लिफ्टकडे जाते, लिफ्ट माझ्या मजल्यावर न थांबता सरळ वर जाते. मूल माझ्या कडेवर, त्याला ती गाडी ओळखता येते हो, जाळीतून बोट दाखवून मम्मा मम्मा करतं. मग पावणेसातला फोन, "आंटी, बस दस मिनट, ज़रा फ्रेश हो लूँ." त्या दहा मिनिटांत चहा होतो, कधी झुंबा होतो, एकदा तर केस धुऊन झाले होते. तोवर मी कुकर लावू की त्याला घेऊन दाराकडे बघत बसू? ऑफिसात उशीर झाला, एमआर टेनवर जाम लागला, तर मी आठपर्यंत ठेवीन, कुरकुर करणार नाही. पण गाडी खाली उभी आणि पोर माझ्या घरात, हे डोळ्यांदेखत रोज बघणं मला जमलं नाही. बरं, बोलायची सोय नाही. तीच मुलगी उद्या लिफ्टमध्ये भेटणार, तिच्या सासूबाई माझ्याबरोबर भजनाला बसतात. लेट फी आहे आमच्या नियमांत, लिहिलेली, सही घेतलेली, पण शेजारणीकडून ती घ्यायची म्हणजे जीभच उचलत नाही. वर रविवारी रात्री साडेनऊला बेल, "आंटी सो तो नहीं गईं? आधा घंटा रख लो, सराफा होके आते हैं." सराफा म्हणजे आमची रात्रीची खाऊगल्ली, तिथून अर्ध्या तासात आजवर कोण परत आलंय?

दुसरी बाजू प्ले स्कूलची. हे काम धीराचं आहे, आधीच सांगते, पहिला महिनाभर हाताला काही लागेलच असं नाही. पण हिशोब बघा. प्ले स्कूल बारा-साडेबाराला सुटतं, आईबाबांचं ऑफिस सहाला, मधले पाच-सहा तास मूल कुठेतरी राहणारच. इकडच्या बऱ्याच जोड्यांत एक जण सुपर कॉरिडॉरला टीसीएस-इन्फोसिसमध्ये आणि दुसरा बॉम्बे हॉस्पिटलच्या बाजूला नाहीतर विजय नगरला, दुपारी घरी येणं शक्यच नाही. आणि 2020 च्या शिक्षण धोरणाप्रमाणे पहिलीला 6 वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तिसऱ्या वर्षी आलेलं मूल धरून चालायचं तर 3 वर्षं तुमच्याकडे राहू शकतं. दर चार महिन्यांनी नवीन शोधत बसायला नको.

जाताना शाळा बघून जा. काही प्ले स्कूलचं स्वतःचंच डे केअर असतं, तिथे गेटजवळ उभं राहिलात तर गार्ड हाकलेल आणि त्याचं बरोबरही आहे. ज्यांचं नाही तिथे प्रिन्सिपल मॅडमना वेळ मागून भेटा, आधारची कॉपी आणि पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद बरोबर ठेवा, त्या विचारायच्या आधी पुढे करा. मॅडम शिफारस करतीलच असं नाही, बहुतेक नाहीच करणार, पण नाव ऐकलेलं असलं की कोणी विचारल्यावर "हाँ, आई थीं" एवढं म्हणतात, आणि तेवढं पुरतं.

खरी चावी मॅडमकडे नसते, व्हॅनवाल्या भैयाकडे असते. कुठल्या घरी दुपारी मूल घ्यायला आजी खाली येते, कुठल्या घरी पडोसी घेतो, कोणाचे आजी-आजोबा पुढच्या महिन्यात गावी चाललेत, हे त्याला आईबाबांच्या आधी कळतं, कारण गेटवर हॉर्न वाजवत ताटकळतो तो. माझ्याकडे पहिल्यांदा प्ले स्कूलचं मूल आलं ते व्हॅनवाल्यामुळेच. त्यालाही सोयीचं, चार दारं फिरण्याऐवजी चार मुलं एका दारात उतरवायची. उन्हाचा आला की एक ग्लास पाणी विचारा, कमिशनचं मात्र काढू नका, त्याने विश्वास जातो, निदान मला तरी तसं वाटतं.

तोटे आहेत. मूल साडेबाराला येतं ते दमलेलं, चिडलेलं, डबा अर्धा तसाच, पहिला तास नुसता त्याला निवळवण्यात जातो. आणि गेटवरून तान्ही बाळं मिळत नाहीत. ती हवी असतील तर बालरोगतज्ज्ञांच्या रिसेप्शनवरच्या ताईशी बोलून ठेवा. 2017 पासून पहिल्या दोन मुलांना 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातले 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात, म्हणजे बाळ चार ते सहा महिन्यांचं असताना आई कामावर जाते. सरकारी तक्त्यात 14 आठवड्यांची लस झाली की पुढची मोठी फेरी थेट 9 महिन्यांना, तोवर तिची सोय लागलेली असते. तेव्हा तुमचं कार्ड तिच्या हातात पडायचं ते 14 आठवड्यांच्या लसीला. 50 किंवा जास्त माणसांच्या ऑफिसात पाळणाघराची सोय कायद्याने असली पाहिजे हे खरं, पण चार महिन्यांचं बाळ घेऊन रोज अर्धं शहर ओलांडायला फार कमी आया तयार होतात.

प्ले स्कूलकडून आलेल्या पालकांचं न्यायचं कसं असतं तेही सांगते. ते ऑफिसातून थेट येतात, कारण घर आणखी पुढे असतं. गाडी खाली इंडिकेटर लावून उभी, बाबा धावत वर येतात, बॅग, बाटली, "आंटी आज खाया?", आणि गेले. साडेसहाच्या पुढे गेलं तर लेट फी स्वतःच पाठवतात, मला तोंड उघडावं लागत नाही. भजनात कोणी भेटत नाही, रविवारी बेल वाजत नाही.

तरी सगळ्यांनी गेटवरच जावं असं माझं म्हणणं नाही. गुडघे दुखत असतील, उन्हात उभं राहणं होत नसेल, किंवा तुमची टाउनशिप इतकी मोठी असेल की दुसऱ्या टॉवरची माणसं तुमच्या लिफ्टला येतच नाहीत, तर ग्रुप बरा. माझी वहिनी स्कीम 78 मध्ये फक्त ग्रुपवर चालवते आणि मस्त चालवते, पण तिच्यासमोर दहा मिनिटं उशीर करायची कोणाची छाती होत नाही. तो स्वभाव असेल तर प्रश्नच मिटला.

गेटचं ठरवलंत तर मार्चच्या मध्यापासून फिरायला लागा, सेशन एप्रिलला सुरू होतं आणि व्हॅनचे रूट त्याच्या आधीच ठरतात. मे-जूनच्या सुट्टीत शाळा बंद पण ऑफिस चालू, तेव्हा महिन्या-दीड महिन्यापुरती म्हणून येणारी मुलं नाकारू नका, त्यातली बरीच नंतर राहतात. ग्रुप सोडू नका, मीही सोडलेला नाही, दिवाळीचे फराळाचे फोटो टाकते, कोणाच्या बाळाच्या बारशाला हार्ट देते, आणि झूलाघराचं कोणी विचारलं की पर्सनलवर कळवते, सध्या जागा नाहीये बेटा.