सहल झाली ना, मग फसवणूक कशी?

एका सायकल सहलीत आम्ही फसलो. तिच्या आयोजकाचं नाव लिहीत नाही. तक्रार चालू आहे, आणि तसाही तो आता दुसऱ्या नावाने धंदा करतोय, त्यामुळे जुनं नाव सांगून कोणाचं भलं होणार नाही. पद्धत मात्र त्याने बदललेली नाही, म्हणून ती सांगते.

नागपुरात पहाटे सायकल चालवणाऱ्यांची कमी नाही. सेमिनरी हिल्स, फुटाळा, गोरेवाडा, रविवारी जरा लांब म्हणून झिल्पी तलाव, आणि परतताना कुठेतरी तर्री पोहे. रोज दिसणाऱ्या चेहऱ्यांचं आपोआप एक टोळकं होतं. हा माणूस त्या टोळक्यात आला तो जाहिरातीतून नाही. एक थंडी आमच्यासोबत गोरेवाड्याच्या फेऱ्या मारत होता. कोणाचं पंक्चर काढून दे, कोणाची सीट वर-खाली करून दे, पोह्यांचे पैसे स्वतः दे. बोलता बोलता कळलं की तो 'एसआर' आहे. 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे वेळेचं बंधन असलेल्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, एकाच हंगामात वेळेत पूर्ण केल्या की सुपर रँडोन्यूर म्हणतात. 200 ला साडेतेरा तास मिळतात आणि 600 ला चाळीस. आमच्यातल्या निम्म्यांचं ते स्वप्न. अशा माणसाला कोणी 'ओळखपत्र दाखव' म्हणत नाही.

मग एक दिवस त्याने चार दिवसांचा बेत मांडला. नागपूर, उमरेड, भिवापूर करत पवनी. दुसऱ्या दिवशी लाखांदूर, अर्जुनी मोरगाव, नवेगावबांध. तिसऱ्या दिवशी साकोलीमार्गे नागझिरा, 'वनविभागाच्या विशेष परवानगीने जंगलातून सायकल'. चौथ्या दिवशी लाखनी, भंडारा करत परत. बेत खरंच सुंदर होता, हे आजही म्हणेन. धान निघून गेलेल्या बांध्यांमध्ये लाखोळीच्या पिकाची हिरवळ, गावोगावी जुने मालगुजारी तलाव, रस्त्याला फारसा चढ नाही. माणशी 9,800 रुपये. त्यात राहणं, जेवण, सामानासाठी मागे चालणारी गाडी, मेकॅनिक आणि टी-शर्ट. 4,800 आधी, बाकीचे 'रस्त्यात देऊ कधीही, घरचीच माणसं आहोत'. 'अपघात विम्याचे' वेगळे 450. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत बँक वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण देते. याच्या 450 रुपयांचा पॉलिसी क्रमांक आम्हाला अजून दिसलेला नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याने सगळ्यांच्या सायकली गोळा केल्या. 'प्री-राइड चेक', फुकट. सकाळी अंधारात झिरो माइलला टेम्पोतून सायकली उतरल्या, चेन चकाचक, हवा भरलेली. सगळे खूश. याबद्दल पुढे लिहिते.

पहिला दिवस झकास गेला, आणि या सगळ्या प्रकरणात तोच दिवस सर्वात महत्त्वाचा आहे. उमरेड रोडला उजाडलं, उमरेडला नाश्ता, भिवापूरला प्रत्येकाने तिथल्या प्रसिद्ध मिरचीचे फोटो घेतले. पवनीत वैनगंगा, जुनी तटबंदी, जगन्नाथ टेकडीवरचे बौद्ध स्तूपाचे अवशेष, तिथून जवळच गोसेखुर्द धरण. त्याने सगळी माहिती अशी सांगितली की आमच्यातले इतिहासाचे निवृत्त मास्तरही मान डोलावत होते. ड्रोन उडवला. केशरी टी-शर्ट घालून नदीच्या पुलाजवळ सगळ्यांचा फोटो झाला. जेवणही चांगलं होतं, नाव ठेवायला जागा नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर तो म्हणाला, उद्यापासून रेंजचा भरवसा नाही, उरलेले पाच हजार आत्ताच पाठवून द्या, म्हणजे मला पुढच्या लोकांचे हिशोब चुकते करता येतील. सगळ्यांनी तिथेच बसून फोनवरून पाठवले. लगेच प्रत्येकाला पावती आली, जीएसटी क्रमांकासकट.

सकाळी तो नव्हता. 'पुढे जाऊन नवेगावची व्यवस्था बघतोय', असा मेसेज होता.

लाखांदूरला सामानाच्या गाडीचा ड्रायव्हर बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, मले इथपर्यंतचंच भाडं देल्लं त्यानं. पुढचं म्हणे सवाऱ्या देतीन." आयोजकाला फोन लावला, वाजला नाही. ड्रायव्हरचा दोष नव्हता, आम्ही वर्गणी काढून त्याला पुढे नेलं. मेकॅनिक तर पवनीतूनच गायब होता. नवेगावबांधला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि ज्या लॉजचं नाव पत्रकात छापलं होतं त्याचा मालक आमच्याकडे बघतच राहिला. "फोन आला होता बाप्पा, महिन्याभराआधी. रेट विचारला अन् ठेवून देला. बुकिंग कुठची?" खोल्या होत्या तीन. बायका तिथे राहिल्या. पुरुषांची सोय मालकानेच गावात एकाच्या पडवीत करून दिली. रात्री भात-वरण आणि वांग्याची भाजी मिळाली, जेवणाचे पैसे त्या घरातल्या माउलीने घ्यायचं नाकारलं, आम्ही तिच्या पोरांच्या हातात बळेच दिले.

त्या रात्रीही आमच्यातले बरेच जण 'काहीतरी अडचण आली असेल' याच मताचे होते. काल इतकं छान सगळं केलं तो माणूस पळेल कसा?

तिसऱ्या दिवशी काही जण तरीही नागझिऱ्याला गेले, कारण वनविभागाचं परवानगीपत्र व्हॉट्सअॅपवर आधीच आलेलं होतं. पिटेझरी गेटवरच्या वनरक्षकाने ते मोबाइलवर दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. "हे पत्र कोनं देलं तुम्हाले? यावर जावक क्रमांकच नाही. अन् तारीख पाहा, रविवार हाये." राज्य सरकारी कार्यालयांना 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, रविवारी कोणता साहेब सही करत बसेल? शिवाय पत्र सगळं इंग्रजीत, साहेबाचं नाव नाही, नुसतं पद. गेटवरच्या त्या भल्या माणसाने समजावून सांगितलं की व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात पर्यटक फक्त परवानगी असलेल्या गाडीतून, गाइड सोबत घेऊन जातात. बुकिंग ऑनलाइन होतं आणि त्यावर प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो. सायकलने जंगल फिरवतो असं कोणी म्हणालं तर त्याचं पत्र घेऊन आधी इथे फोन करा, म्हणाला. नवेगाव-नागझिरा हा 2013 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथल्या रस्त्यावर सायकल घालायला निघालो होतो आम्ही, वाघाच्या घरात घंटी वाजवत.

साकोलीहून निम्मे जण हायवेने, ट्रकांच्या वाऱ्यात, परत आले. बाकीच्यांनी नागपूरच्या कळमना मार्केटला रिकामा परतणारा एक टेम्पो पकडला.

आता सायकलींबद्दल. परतीच्या वाटेवर एकाची चेन सारखी घसरत होती. सायकल जेमतेम चार महिन्यांची, दहा स्पीडची. धरमपेठेतल्या नेहमीच्या मेकॅनिकने चेन किती झिजली ते मोजणारा चेन चेकर लावला तर पट्टी 0.75 च्या खुणेपर्यंत आरामात आत गेली. म्हणजे चेन हजारो किलोमीटर चाललेली. कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचे, दातही झिजून अणकुचीदार. चार महिन्यांत हे होणं शक्य नाही. मग सगळ्यांनी आपापल्या सायकली उलट्या केल्या. माझे जर्मन टायर गेले होते, त्या जागी त्याच जाडीचे साधे. एकाची सीट, एकाचे पेडल, एका बाईंचा मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग), मॉडेल तेच पण खरचटलेला जुना. फ्रेमला हात लावलेला नव्हता, कारण फ्रेमचा नंबर खाली पेडलच्या अक्षापाशी कोरलेला असतो आणि तो बिलावर लिहिलेला असतो. पार्टचा नंबर कोण लिहून ठेवतं? अंधारात, पहिल्या सकाळच्या उत्साहात, चकाचक चेनकडे बघून कोणालाही शंका येणं शक्य नव्हतं, आणि हिशोब नेमका तोच होता. आता कोणालाही सायकल सोपवताना मी टायर, कॅसेट, डिरेलर, सीट यांचे जवळून फोटो काढते, समोरच्याच्या देखत. प्रामाणिक मेकॅनिकला त्याचा राग येत नाही.

आम्ही परत आल्यावर आयोजकाचा फोन सुरू झाला. आईची तब्येत बिघडली होती, म्हणाला, पंधरा दिवसांत सगळ्यांचे पैसे परत. आणि खरंच परत आले, तिघांचे. जे ग्रुपवर सर्वात जास्त आरडाओरड करत होते त्या तिघांचे, पोस्ट डिलीट करण्याच्या अटीवर. त्यानंतर ते तिघंच आम्हाला समजावू लागले की माणूस वाईट नाही, वेळ वाईट होती. एका खेळीत ग्रुप दोन भागांत फुटला. एवढ्या कमी पैशांत इतकी शांतता विकत मिळते हे त्याला आमच्याआधी माहीत होतं.

उरलेले आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सहल झाली ना? पवनीला जेवले ना? मग फसवणूक कशी? हा तर दिवाणी मामला." शिवाय पैसे पवनीत दिले, तर तक्रार पवनीला. पुढे घरच्यांनी, ऑफिसातल्यांनी, सगळ्यांनी हेच विचारलं. अख्खी सहल न नेता पैसे घेऊन पळाला असता तर त्या रात्रीच गुन्हा दाखल झाला असता. त्याने एक दिवस मन लावून सहल काढली, म्हणून तो 'सेवेतली त्रुटी' झाला. पहिला दिवस हा त्याचा खर्च नव्हता, ती त्याची ढाल होती.

पण कायद्यात फसवणुकीचा मुद्दा अर्धवट सहल हा नाहीच. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये प्रश्न असतो तो सुरुवातीपासून लबाडीचा हेतू होता का, याचा. नंतर अडचण येऊन शब्द मोडणं वेगळं आणि शब्द देतानाच पाळायचा नाही हे ठरवलेलं असणं वेगळं. मी कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे मी पावतीपासून सुरुवात केली. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो: पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27, मग दहा अक्षरी पॅन, मग आणखी तीन. त्याच्या पावतीवर चौदाच होते. जीएसटीच्या पोर्टलवर कोणीही, लॉगिन न करता, फुकट शोधू शकतं. असा करदाताच नाही. आणि नोंदणी नसलेल्याने जीएसटी गोळा करणं हाच मुळात कायद्याने मना आहे. त्यासोबत वनविभागाचं बनावट पत्र जोडलं, सहलीच्या आधीच्या तारखेचं. नवेगावच्या लॉजमालकाने आणि साकोलीच्या हॉटेलवाल्याने लिहून दिलं की आगाऊ पैसे कधी आलेच नाहीत. ड्रायव्हरने सांगितलं की भाडं लाखांदूरपर्यंतचंच ठरलं होतं. म्हणजे लाखांदूरनंतरची सहल कागदावर कधी अस्तित्वातच नव्हती, आणि हे आम्ही झिरो माइलला सायकलवर बसलो तेव्हाच ठरलेलं होतं.

हे सगळं एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून पुन्हा गेलो तेव्हा हद्दीचा मुद्दाही निघाला नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे आम्ही छापून नेलं होतं. सायबर हेल्पलाइन 1930 वर मात्र आम्ही उशिरा फोन केला असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत, पहिल्या काही तासांत फोन आला तर ती रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. 'बघू, कदाचित फोन लागेल' म्हणत नवेगावला काढलेली ती रात्र त्याच्यासाठी सोन्याची ठरली.

ग्राहक आयोगातही गेलो आहोत. 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तिथे तारखा सुरू आहेत. तो पहिल्या तारखेला आला नाही.

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका मैत्रिणीने मला कोकण किनाऱ्यावरच्या सायकल सहलीची जाहिरात पाठवली, 'जायचं का?' म्हणून. नाव नवीन, नंबर नवीन, अर्धे पैसे आधी आणि अर्धे रस्त्यात. खाली 'आमचे समाधानी रायडर्स' म्हणून एक मोठा फोटो, वैनगंगेच्या पुलाजवळचा, केशरी टी-शर्टांतला. डावीकडून तिसरी मी आहे. ती जाहिरात तुमच्याकडे आली तर पैसे पाठवायच्या आधी त्या फोटोतल्या कोणालाही शोधून विचारा. आम्ही सगळे नागपुरातच असतो, पहाटे गोरेवाड्याच्या रस्त्यावर.