नाक धुण्याची बाटली : सोयाबीनच्या दोन हंगामांचा अनुभव

लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानाचे हिशेब मी गेली बरीच वर्षे लिहितो. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची आवक वाढली की पुढचे दीड-दोन महिने ओट्यावर पोती रिकामी होत राहतात, चाळण्या चालतात आणि भुसकटाची बारीक धूळ दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर बसते. त्या दिवसांत माझे नाक चोंदते, गाल आणि भुवयांच्या वरची जागा जड होते आणि खतावणीवर मान वाकवून लिहू लागलो की डोळ्यांखाली कोणी आतून दाब देत असल्यासारखे दुखते. या त्रासावर गेले दोन हंगाम मी मीठ-पाण्याने नाक धुण्याची प्लास्टिकची बाटली वापरत आहे. ती मला उपयोगी पडली. मात्र तिचा निम्मा गुण तिच्यात आपण कोणते पाणी भरतो यावर अवलंबून आहे, आणि बोअर, टँकर व जारच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या आपल्या भागात हे आधी सांगितले पाहिजे.

बाटली २४० मिलीची, मऊ प्लास्टिकची आहे. झाकणाला आतून एक नळी आणि वरून नाकपुडीवर टेकेल असे गोल टोक आहे. सोबत मीठ आणि खाण्याच्या सोड्याच्या मिश्रणाच्या मोजून भरलेल्या पुड्या मिळतात. मला हा संच साडेचारशे रुपयांच्या आसपास पडला. अशा बाटल्या अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांची रचना जवळपास सारखीच असते. माझ्या बाटलीबरोबरचे माहितीपत्रक मराठीत नव्हते, ही मला मोठीच उणीव वाटली, कारण ही वस्तू चुकीच्या रीतीने वापरली तर अपाय होऊ शकतो आणि ती घेणाऱ्या प्रत्येकाला इंग्रजी वाचता येईलच असे नाही.

दाब कशाने येतो हे समजले की बाटलीकडून किती अपेक्षा ठेवावी हेही समजते. गालांच्या हाडांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि त्यांच्या मागे खोलवर अशा सायनसच्या चार जोड्या असतात. या हवेने भरलेल्या पोकळ्या अगदी अरुंद वाटांनी नाकात उघडतात. त्यांच्या अस्तरात तयार होणारा चिकट द्रव सूक्ष्म केसांच्या हालचालीने सतत नाकाकडे ढकलला जातो. गालातल्या पोकळीचे तोंड तर तळाशी नसून वरच्या बाजूला असते, म्हणजे तिथला द्रव खालून वर चढवूनच बाहेर काढावा लागतो. सर्दीने किंवा धुळीच्या ॲलर्जीने अस्तर सुजले की या वाटा बंद होतात, द्रव आत साठतो आणि पुढे वाकल्यावर ठणका वाढतो. बाटलीवर सायनसचे नाव छापलेले असले तरी तिचे पाणी या पोकळ्यांच्या आत फारसे पोहोचत नाही. ते नाकाचा मार्ग धुते, धूळ आणि घट्ट शेंबूड काढून टाकते, आणि त्यामुळे बंद वाटा मोकळ्या व्हायला मदत होते. मला दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून फरक जाणवला. संध्याकाळी घरी येऊन नाक धुतले की रात्री तोंड उघडे टाकून झोपण्याची वेळ येत नाही आणि सकाळचा जडपणा पुष्कळ कमी असतो. तो पूर्णपणे जातो असे मात्र मी म्हणणार नाही.

आता पाण्याविषयी. नळाचे, बोअरचे, टँकरचे किंवा विकत घेतलेल्या जारचे पाणी या बाटलीत कधीही थेट भरू नये. पाण्यात क्वचित आढळणारा एक अमिबा, नेग्लेरिया फाउलेरी, पोटात गेला तर अपाय करत नाही. पण नाकावाटे वर गेला तर वासाच्या मज्जातंतूच्या मार्गाने मेंदूपर्यंत पोहोचतो आणि त्याचा संसर्ग बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा असा मृत्यू झाला होता. केरळमध्येही अलीकडच्या वर्षांत अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार दुर्मीळ आहे, हे खरे. परंतु या अमिबाला कोमट पाणी मानवते, आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्या गच्चीवरच्या टाक्यांतले पाणी किती तापते हे लातूर, परभणी, नांदेडकडच्या माणसाला निराळे सांगायला नको. जारचे पाणी गार आणि स्वच्छ दिसते, पण तेवढ्याने ते निर्जंतुक ठरत नाही. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर काही जण यासाठी वापरतात असे ऐकले. ते शरीरात घालण्यासाठी बनवलेले नसते, त्यामुळे ते अजिबात वापरू नये.

उपाय सोपा आहे. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ते किमान एक मिनिट तसेच उकळू द्यावे, झाकून कोमट होऊ द्यावे आणि मगच बाटलीत भरावे. आमच्या बोअरचे पाणी जड असल्यामुळे उकळल्यावर पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. म्हणून मी पाणी निवळू देतो आणि वरचे वर अलगद ओततो. एका वेळेला पेलाभर पाणी पुरते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर दिवस काढलेल्या शहरात पाणी किती लागेल हाही विचार मनात येतोच.

साधे पाणी नाकाला झोंबते, कारण ते शरीरातल्या द्रवाइतके खारट नसते. एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ हे योग्य प्रमाण आहे. या बाटलीला साधारण सव्वादोन ग्रॅम पुरते. पुडीत ते मोजलेले असते, म्हणून मी घरचे मीठ अंदाजाने टाकण्याच्या फंदात पडलो नाही.

धुताना बेसिनवर पुढे वाकावे, तोंड उघडे ठेवून तोंडानेच श्वास घ्यावा आणि बाटली हलकेच दाबावी. पाणी एका नाकपुडीतून जाऊन दुसरीतून बाहेर येते. पहिल्याच दिवशी मी बाटली जोरात दाबली आणि नंतर दोन्ही नाकपुड्या धरून जोराने शिंकरलो. नाकाच्या मागच्या बाजूला कानाकडे जाणारी नळी असते. पाणी तिकडे गेले असावे, कारण दिवसभर उजव्या कानाला दडा बसला होता. तेव्हापासून मी एकेक नाकपुडी हळू शिंकरतो. धुतल्यानंतरही अर्धा तास, खाली वाकले की, नाकातून उरलेले पाणी गळते. त्यामुळे झोपण्याच्या अगदी आधी किंवा दुकानात निघताना हे करू नये.

या बाटलीआधी मी वाफाऱ्याचे विजेवर चालणारे यंत्र घेतले होते. वाफ घेताना बरे वाटते, ओव्याच्या गरम पुरचुंडीने आई कपाळ शेकायची तेव्हा वाटायचे तसेच; पण तासाभरात नाक पुन्हा पूर्ववत होते. इंग्लंडमधील ८७१ रुग्णांवरचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मीठ-पाण्याने नाक धुण्याचा माफक फायदा दिसला. वाफेने डोकेदुखी काहीशी कमी झाली, पण बाकी लक्षणांत विशेष फरक पडला नाही. माझा अनुभव याच्याशी जुळतो. उकळत्या पाण्याचे पातेले आणि डोक्यावर टॉवेल ही पद्धत तर घरात लहान मुले असताना मला धोक्याची वाटते, कारण पातेले कलंडून पोळण्याचे प्रसंग घडतात.

नाक मोकळे करणाऱ्या थेंबांविषयी अधिक कळकळीने सांगतो. एका औषध दुकानातून मी ते आणले, कुणी मुदत सांगितली नाही आणि मी ते तीन आठवडे वापरले. हे थेंब तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर त्यांचा असर ओसरताच अस्तर उलट अधिक सुजते आणि मनुष्य पुन्हा थेंबांकडे वळतो. या चक्रातून बाहेर पडायला मला डॉक्टरांची मदत घ्यावी लागली. मीठ-पाण्याची अशी सवय लागत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

प्रत्येक डोकेदुखीवर ही बाटली चालेल असे समजू नये. अर्धशिशीचे दुखणेही अनेकदा सायनसचे म्हणून अंगावर काढले जाते, आणि वरच्या दाढेच्या मुळातल्या संसर्गानेही गाल दुखतो. सर्दीने आलेला दाब बहुधा विषाणूंमुळे असतो आणि प्रतिजैविकांशिवाय ओसरतो. त्रास दहा दिवसांपुढे गेला किंवा बरे वाटून पुन्हा वाढला तर डॉक्टरांना दाखवावे. डोळ्याभोवती सूज, अंधुक किंवा दुहेरी दिसणे, तीव्र ताप, मान ताठणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेह असलेल्यांनी तर एक दिवसही थांबू नये. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने नाक आणि सायनसमधून डोळ्यांपर्यंत मजल मारलेली आपल्या सर्वांनी पाहिली आहे.

वापरानंतर मी बाटली धुऊन, झाकण वेगळे करून सुकवतो आणि तीन महिन्यांनी ती बदलतो. पुड्या संपल्यावर वेगळ्या मिळतात. मागच्या हंगामात दुकानातल्या दोन हमालांनी ही बाटली मागितली. एकाची बाटली दुसऱ्याने वापरायची नसते, म्हणून दोघांना वेगवेगळ्या आणून दिल्या आणि पाणी उकळण्यासाठी दुकानातल्या शेगडीवर झाकणाचे एक पातेले कायमचे ठेवले आहे.