कॉलेज स्कोअरकार्ड आणि कॉलेज नेव्हिगेटर: लेकीला कामाला आलं, भाच्याच्या वेळी गणित चुकलं

गेल्या वर्षी लेकीसाठी आणि यंदा नाशिकच्या भाच्यासाठी, असं सलग दोन वर्षं मी अमेरिकेतली कॉलेजं शोधतेय, आणि त्यात सगळ्यात जास्त वापरल्या त्या दोन सरकारी साइट्स, कॉलेज स्कोअरकार्ड आणि कॉलेज नेव्हिगेटर. दोन्ही फुकट, लॉगिन नाही, फोन नंबर मागत नाहीत, त्यामुळे नंतर कुणाचे कॉलही येत नाहीत. आम्ही न्यू जर्सीत राहतो, लेक इथली सिटिझन. भाचा बारावीनंतर एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर येणार. एकच साइट दोघांना किती वेगळी लागू पडते ते सांगायचंय म्हणून लिहितेय.

स्कोअरकार्ड अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं, २०१५ पासून आत्ताच्या रूपात आहे. मला आवडलं ते हे की यात रँकिंगच नाही. रँकिंगवर माझा फार विश्वास उरलेला नाही, २०२२ मध्ये कोलंबियाच्याच गणिताच्या प्राध्यापकांनी युनिव्हर्सिटीने दिलेले आकडे तपासून प्रश्न विचारले आणि यूएस न्यूजच्या कॉलेज रँकिंगच्या यादीत कोलंबिया युनिव्हर्सिटी २ वरून थेट १८ वर आली, शिकवणं तर एका वर्षात तेवढं बदललेलं नसणार ना. स्कोअरकार्ड नुसते आकडे समोर ठेवतं: वर्षाचा खर्च, किती जण डिग्री पूर्ण करतात, कर्ज किती होतं, पुढे पगार किती.

लेकीच्या वेळी हे फार उपयोगी पडलं. रटगर्स, एनजेआयटी, टीसीएनजे ही इथली न्यू जर्सीतली कॉलेजं शेजारी शेजारी ठेवून बघितली, आणि कॉलेजचा एकूण पगार बघण्यापेक्षा तिच्या विषयाचा पगार वेगळा बघता आला, ही सोय खरंच मोठी आहे कारण एकाच कॉलेजात नर्सिंगवाले आणि नाटकवाले दोघं असतात, त्यांची सरासरी घेऊन कुणाला काय कळणार! फक्त कर्जाचा आकडा बघताना सांभाळा, त्यात मुलांनी स्वतः घेतलेलं फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं कर्जच धरतात, आईबापांच्या नावावरचं वेगळं दाखवतात आणि बँकेचं प्रायव्हेट कर्ज तर त्यात नसतंच.

आता भाच्याचं. त्याने नाशिकला बसून एका सरकारी युनिव्हर्सिटीचा स्कोअरकार्डवरचा वार्षिक खर्च बघितला आणि मला फोन केला, मावशी हे तर परवडतंय, ताई आणि जिजाजी पण खूश. मी पण हो हो म्हटलं, नीट वाचलं नाही. तो आकडा स्कॉलरशिप वजा करून उरलेला असतो, तोही फक्त फेडरल मदत मिळालेल्या मुलांचा, आणि सरकारी कॉलेज असेल तर त्याच राज्यातल्या मुलांचा. एफ-१ वाल्याला फेडरल मदत मिळतच नाही. दहा दिवसांनी त्याच युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसचं पान उघडलं तर तिथला खर्च दुपटीहून जास्त निघाला. ताईचा आवाज एकदम बारीक झाला, मला खूप वाईट वाटलं. पगाराचंही तेच, कॉलेजात शिरल्यानंतर १० वर्षांनी मिळणारा पगार दाखवतात पण तो फेडरल मदत घेतलेल्यांचाच, म्हणजे आपल्याकडून येणारी मुलं त्यात मोजलेलीच नाहीत. माहिती खोटी नाही, साइटवर तसं लिहिलेलंही आहे, पण ती आपल्या मुलाबद्दल नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. आय-२० साठी (व्हिसाकरता युनिव्हर्सिटी देते तो कागद) युनिव्हर्सिटी जो खर्च दाखवायला सांगते तोच तुमचा आकडा धरा.

त्यानंतर आम्ही नेव्हिगेटरवर आलो. दिसायला जुनाट, सगळं दुमडलेल्या पट्ट्यांमध्ये, पण भारतातून येणाऱ्या मुलासाठी मला हेच जास्त चांगलं वाटलं. राज्यातल्यांची आणि बाहेरच्यांची फी वेगवेगळी दिसते, बाहेरच्या देशांतली मुलं किती टक्के ते दिसतं, कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची नोंद पण आहे. ४ वर्षांत डिग्री घेणारे किती आणि ६ वर्षांत किती हे वेगळं देतात, आणि ज्याला डॉलरमध्ये फी भरायचीय त्याने ४ वर्षांचाच आकडा बघावा, पाचवं वर्ष कुणाला परवडतंय.

अजून एक, हे कुणीच आम्हाला सांगितलं नव्हतं. नेव्हिगेटरवर विषयांची पूर्ण सरकारी नावं असतात. भाच्याला इकॉनॉमिक्स करायचंय, तर काही ठिकाणी नुसतं इकॉनॉमिक्स आहे आणि काही ठिकाणी इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स. दुसरं स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) धरतात, म्हणजे शिकून झाल्यावर ओपीटीचे, म्हणजे एफ-१ वर राहून इथे काम करायच्या परवानगीचे १२ महिने आणि वर २४ महिने मागता येतात, पहिल्याला १२ च. स्कोअरकार्डवर हा फरक दिसत नाही.

स्कॉलरशिपसाठी मात्र दोन्ही साइट्स कमी पडतात. त्यासाठी कॉलेजच्या नावापुढे कॉमन डेटा सेट असं टाकून सर्च करा, कॉलेजने स्वतःच भरलेल्या आकड्यांची पीडीएफ मिळते, त्यात एच६ म्हणून भाग असतो, परदेशी मुलांपैकी किती जणांना मदत दिली आणि सरासरी किती ते तिथे लिहिलेलं असतं. एमआयटी, प्रिन्स्टन, ॲम्हर्स्टसारखी मोजकी कॉलेजं परदेशी मुलाला ॲडमिशन देताना पैशांची गरज बघत नाहीत, बाकी बहुतेक ठिकाणी बघतात, तेव्हा अर्जाची फी भरण्याआधी एच६ वाचाच.

भाच्याची यादी २२ वरून ९ वर आलीय. त्यातल्या एका कॉलेजच्या पीडीएफमध्ये एच६ चा रकाना कोराच आहे, काल रात्री त्याने त्यांना ईमेल टाकलाय, उत्तर आलं की खाली लिहीन.