स्पिनिंग की बेटकास्टर, कायाक की बास बोट: टेक्सासमध्ये बास फिशिंग सुरू करताना

मागच्या दोन वर्षांत डॅलसकडच्या आपल्या मराठी मंडळींपैकी सातआठ जणांनी तरी मला विचारलंय की दादा, बास फिशिंग सुरू करायचंय, काय घेऊ? (बास म्हणजे इकडचा गोड्या पाण्यातला शिकारी मासा.) दर वेळी फोनवर अर्धा तास जातो आणि तरी काहीतरी सांगायचं राहतंच, म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. कोणती वस्तू भारी हा प्रश्न मी बाजूला ठेवलाय. तुम्ही कुठे, किती वेळा आणि कोणाबरोबर जाणार आहात त्यावर काय घ्यायचं ते ठरतं.

आधी मासा समजून घ्या, कारण बाकी सगळं त्याच्यावरच आहे. माझं गाव अलिबागकडचं, आमच्याकडे खारेपाटात उघाडीपाशी जिताडा कसा दबा धरून बसतो ते लहानपणी बघितलंय, आणि लार्जमाऊथ बासची सवय थेट तशीच. हा पाण्यात लांब लांब फिरून शिकार करत नाही, तर बुडालेलं झाड, गवताची कड, डॉकची सावली, दगडांचा ढीग असा आडोसा धरून बसतो आणि समोरून काही गेलं की झडप. म्हणजे तुमचं काम दोनच: आमिष त्या आडोशाच्या वीतभर जवळ टाकायचं, आणि मासा लागला की तो फांद्यांत घुसायच्या आत बाहेर काढायचा. खाली जी जी तुलना करतोय ती याच दोन कामांच्या हिशोबाने वाचा.

रीळ: स्पिनिंग की बेटकास्टर

स्पिनिंग रिळात स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेली चक्री, जागेवर स्थिर असतं आणि दोरा त्याच्यावरून वेटोळी सुटत जातो, त्यामुळे हलकं आमिष, म्हणजे १/८ औंसचं सुद्धा, आरामात जातं आणि वारा समोरून असला तरी गुंता फार होत नाही. बेटकास्टरमध्ये स्पूल स्वतः फिरतं. लहानपणी पतंग उडवताना फिरकी धरली असेल तर लगेच कळेल, ढील देताना पतंगाने ओढणं थांबवलं आणि फिरकी मात्र फिरतच राहिली की मांजाचं काय होतं? तेच इथे होतं, आमिष पाण्यावर आपटून थांबतं, स्पूल फिरतच राहतं आणि क्षणात रिळावर गुंत्याचा गोळा. त्याला बॅकलॅश म्हणतात आणि तो पहिल्या महिन्यात होणारच, तेव्हा घाबरू नका.

मग लोक बेटकास्टर घेतातच कशाला? ताकद आणि नेम यासाठी. अंगठा स्पूलवर असल्यामुळे आमिष हवेत असतानाच त्याला ब्रेक लावता येतो, फांदीच्या अलीकडे सहा इंचावर हळूच उतरवता येतं, आणि १५-२० पाउंडाचा (तेवढ्या ओढीपर्यंत न तुटणारा) जाड दोरा किंवा ५० पाउंडाची ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, घेऊन मासा अक्षरशः झाडातून उपटता येतो. जिग, स्पिनरबेट, गवतावरून ओढायचा फ्रॉग अशा आमिषांची कामं स्पिनिंगवर होतात म्हणायला होतात, पण मजा नाही.

सेटिंगचं एक सांगतो, दुकानात बहुतेक वेळा नीट दाखवत नाहीत. रॉडला आमिष बांधा, टोक वर धरा, बटण दाबा. आमिष सावकाश खाली आलं पाहिजे आणि जमिनीला टेकलं की स्पूल तिथेच थांबलं पाहिजे, फिरत राहिलं तर बाजूची टेन्शनची नॉब थोडी आवळा. मॅग्नेटिक ब्रेक असेल तर सुरुवातीला जास्तीवर ठेवा, अंतर कमी पडेल, पडू द्या. सुरुवात अर्ध्या औंसच्या आमिषाने करा, हलक्याने अजिबात नको. आणि गुंता झालाच तर दोरा ओढत बसू नका, अंगठ्याने स्पूल घट्ट दाबून हँडल दोनतीन वेळा फिरवा आणि मग हळू दोरा काढा, दहातले सातआठ गुंते असेच सुटतात.

माझं मत: पहिला रॉड स्पिनिंगच. ७ फुटी, मीडियम पॉवर म्हणजे मध्यम ताकदीचा, टोकाकडेच वाकणारा फास्ट अ‍ॅक्शन, २५०० साइजचं रीळ, शंभर डॉलरच्या आसपास चांगला जोड मिळतो. चारपाच महिन्यांनी, हात बसला की ७ फुटी मीडियम हेवी बेटकास्टर, ७:१ च्या आसपासचा गिअर रेशो (हँडल एकदा फिरवलं की स्पूल सात वेळा फिरतं). ज्यांच्याबरोबर मुलं येणार आहेत त्यांनी तर बेटकास्टरचा विचारही आत्ता करू नका. उलट ज्यांचं घर जंगलातल्या, गवताने भरलेल्या तळ्याशेजारी आहे त्यांनी मात्र उशीर करू नये, तिथे बारीक दोऱ्यावर लागलेला मासा गवतात अडकून दोरा तोडतो आणि गळ तोंडात घेऊन जातो, ते मला बघवत नाही.

दोरा

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. मोनो, म्हणजे साधा एकपदरी नायलॉनचा दोरा, स्वस्त, ताणतो, तरंगतो, म्हणून पाण्यावरच्या आमिषाला बरा. फ्लुरोकार्बन बुडतो, पाण्यात कमी दिसतो, तळाशी चालवायच्या आमिषाला उत्तम. ब्रेड अजिबात ताणत नाही आणि फार मजबूत, पण स्वच्छ पाण्यात माशाला दिसते. स्पिनिंगवर १० पाउंडाची ब्रेड आणि पुढे सातआठ फूट ८ पाउंडाचा फ्लुरो लीडर (आमिषाकडचा शेवटचा तुकडा), डबल युनी गाठीने जोडलेला, एवढं केलं की निम्मे प्रश्न संपतात.

आमिष आणि पद्धत

दुकानात भिंतभर रंगीत आमिषं बघून डोकं फिरतं. सुरुवातीला दोनमध्ये निवडा: वॅकी रिग की टेक्सास रिग.

वॅकी रिग म्हणजे पाच इंची सेन्कोसारखा मऊ प्लास्टिकचा गांडूळ, मधोमध गळ टोचलेला. टाकायचा, आणि काही करायचं नाही. तो खाली जाताना दोन्ही टोकं थरथरतात आणि मासा बहुतेक तेव्हाच घेतो. इतकं सोपं की माझ्या पुतण्याने नवव्या वर्षी पहिला बास याच्यावर काढला. तोटा एकच, गळाचं टोक उघडं असल्यामुळे फांदीत अडकतो.

टेक्सास रिगमध्ये पुढे गोळीसारखं वजन आणि गळाचं टोक प्लास्टिकच्या अंगातच लपवलेलं, त्यामुळे झाडाझुडपात कुठेही घाला, सहसा अडकत नाही. पण इथे हाताला ऐकू यायला शिकावं लागतं. वजन फांदीवर चढतं तेव्हा दोऱ्यातून रबरासारखी ओढ जाणवते, दगडावर खरखर जाणवते, आणि मासा घेतो तेव्हा बारीकसं "टक", कोणीतरी नखाने रॉडला टिचकी मारल्यासारखं. कधीकधी टक पण नाही, नुसता दोरा आडवा सरकायला लागतो, किंवा तळ यायच्या आधीच ढिला पडतो. ते दिसलं की ढिला दोरा गुंडाळा आणि मग जोरात रॉड वर. मला हे कळायला एक अख्खा सीझन लागला आणि त्या सीझनमधली एकही सकाळ वाया गेली असं मला वाटत नाही.

तुमचं तळं मोकळं असेल, पार्कातलं वगैरे, तर वॅकी. झाडं बुडालेली असतील तर टेक्सास. क्रँकबेट, चॅटरबेट हे सगळं दुसऱ्या वर्षी. आणि दिवसापेक्षा पाण्याचं तापमान बघा, साधारण ५५ ते ६५ फॅरनहाइटच्या दरम्यान, म्हणजे इकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये, मोठ्या माद्या अंडी घालायला उथळात येतात, तेव्हा काठावरच्या माणसालाही बोटवाल्याइतकीच संधी असते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र उजाडताना दोन तास, नंतर घरी.

बोट: काठ, कायाक की बास बोट

इथे पैसे सगळ्यात जास्त जातात आणि घाईही इथेच सगळ्यात जास्त होते. नवीन २० फुटी बास बोट, २०० हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन, पुढे ३६ व्होल्टची ट्रोलिंग मोटर (बोट सावकाश, आवाज न करता हलवायची विजेची मोटर), म्हटलं तर साठसत्तर हजार डॉलर सहज, शिवाय ओढायला गाडी, ठेवायला जागा, इन्शुरन्स. बदल्यात काय मिळतं? पूर्व टेक्सासमधल्या लेक फोर्कसारख्या, जवळपास २७,००० एकरांच्या तलावावर सकाळी एका टोकाला आणि दुपारी दुसऱ्या टोकाला जाता येतं, उभं राहून आरामात कास्टिंग, मुलांना बसायला जागा, मासे जिवंत ठेवायला लाइव्हवेल. घरात तिघंचौघं उत्साही असतील आणि वर्षातून तीसेक दिवस जाणार असाल तर जरूर घ्या, मनापासून सांगतो.

पण एकट्याला, महिन्यातून दोनदा? पेडलची कायाक, म्हणजे पायाने चालवायची छोटी अरुंद होडी. दोन ते चार हजार डॉलर, हात रॉडसाठी मोकळे, बोट रॅम्पची रांग नाही, आणि फोर्कवर पाण्यात उभी असलेली जी जुनी झाडं आहेत त्यांच्या आत, जिथे बोटवाले प्रॉपेलरच्या भीतीने जात नाहीत, तिथे तुम्ही अलगद शिरता. वजन मात्र १०० पाउंडाच्या वर जातं, ट्रक किंवा छोटा ट्रेलर लागतोच, हे लोक विसरतात.

आणि वारा. एकदा मार्चमध्ये मी सकाळी शांत पाणी बघून फोर्कच्या मुख्य तलावात बराच आत गेलो, मासे लागत होते म्हणून भान राहिलं नाही, अकराच्या सुमाराला उत्तरेकडून वारा उठला आणि दहा मिनिटांत पांढऱ्या फेसाच्या लाटा. परत यायला दीड तास पेडल मारत होतो, पाय थरथरत होते, कायाकमध्ये घोटाभर पाणी. लाइफ जॅकेट अंगात होतं म्हणून डोकं शांत राहिलं. तेव्हापासून कायाक फक्त खाडीसारख्या आत शिरलेल्या फाट्यांत, लिटल केनी, बर्च क्रीक अशा ठिकाणी, आणि वाऱ्याचा अंदाज ताशी १२-१५ मैलांच्या वर असेल तर निघायचंच नाही. बास बोटवाल्यांनाही नियम आहे, २६ फुटांखालच्या बोटीवर इंजिनचा कट-ऑफ स्विच (चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन बंद करणारा) अंगाला लावणं १ एप्रिल २०२१ पासून देशभर सक्तीचं आहे, तो लावाच.

कायाकला ट्रोलिंग मोटर लावायची का? लावा, पण टेक्सासमध्ये मोटर आली की रजिस्ट्रेशन आलं, नुसत्या पेडलला लागत नाही. बॅटरी लिथियमची घ्या, १०० अँपिअर-अवरची लेड अ‍ॅसिड साठ पाउंडाच्या पुढे जाते, लिथियम साधारण तीसच्या आत, कायाकवर हा फरक फार मोठा.

सोनारबद्दल, म्हणजे पाण्याखालचं स्क्रीनवर दाखवणाऱ्या यंत्राबद्दल, थोडक्यात. लाइव्ह सोनारवर मासा आमिषाकडे येताना स्क्रीनवर दिसतो, जबरदस्त प्रकार आहे, पण पहिल्या वर्षी तो घेतला तर डोळे स्क्रीनला चिकटतात आणि पाणी वाचायचं राहून जातं. पाचसातशे डॉलरचा साइड इमेजिंगवाला (बोटीच्या दोन्ही बाजूंचा तळ दाखवणारा) पुरे, झाडं आणि दगड कुठे आहेत एवढं कळलं की काम झालं. आणि मोठा मासा लाइव्ह सोनारशिवायही लागतो: टेक्सासचा रेकॉर्ड बास, १८.१८ पाउंडाचा, जानेवारी १९९२ मध्ये बॅरी सेंट क्लेअर यांना फोर्कवरच लागला तेव्हा ते क्रॅपी नावाचे छोटे मासे पकडायला बसले होते, छोट्या जिवंत माशाचं आमिष लावून.

फोर्कवर १६ ते २४ इंचांच्या मधला बास सोडावाच लागतो, आणि २४ च्या वरचा दिवसाला एकच ठेवता येतो, तेव्हा मोजपट्टी बोटीवर असू द्या आणि नियम दर वर्षी एकदा बघून घ्या. मोठा मासा नुसता जबड्याला धरून आडवा करू नका, दुसरा हात पोटाखाली, हात आधी ओले करून, फोटो दहा सेकंदात. १३ पाउंडांच्या वरचा लागला तर जानेवारी ते मार्चमध्ये शेअरलंकरवाल्यांना (मोठ्या बासची पैदास करणारा टेक्सास राज्याचा कार्यक्रम) लगेच फोन करा, १९८६ पासून ते अशा माद्या अंडी घालण्यासाठी नेतात. घरी निघताना बोट असो की कायाक, आतलं सगळं पाणी तिथेच काढून टाका, झेब्रा मसल्स नावाच्या, एका तलावातून दुसऱ्यात पसरणाऱ्या उपद्रवी शिंपल्यांमुळे तो इथे कायदाच आहे.

आणि रॉड आणलाय पण लायसन्स अजून काढलं नाही, असं असेल तर येत्या शनिवारी सरळ टेक्सासच्या कुठल्याही स्टेट पार्कात जा, पार्काच्या हद्दीत काठावरून मासे धरायला लायसन्स लागत नाही. वॅकीचे चार गळ, हिरव्या रंगाच्या सेन्कोचं एक पाकीट, पक्कड, टोपी, पाणी. सूर्य वर यायच्या आधी पोचा आणि पहिले दोनतीन कास्ट लांब फेकण्याच्या नादात न पडता काठाला समांतर टाका, मासा बहुतेक तुमच्या पायापासून दहा फुटांवरच असतो.