ओपनएलपी: अनेक भाषांत गाणाऱ्या मंडळीसाठी

आमच्या चर्चच्या मंडळीत मराठी, तमिळ, स्पॅनिश आणि इंग्रजी बोलणारे एकत्र उपासनेला बसतात. गीतांची जबाबदारी माझ्याकडे आहे आणि शब्द पडद्यावर दाखवायला आम्ही ओपनएलपी वापरतो. सॉफ्टवेअर मोफत आहे, मुक्तस्रोत आहे; विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. पण मी ते धरून आहे ते एका बारीकशा सोयीसाठी: फॉरमॅटिंग टॅग.

कडव्याच्या मजकुरात महिरपी कंसातली खूण घातली की तेवढ्याच ओळीचा रंग बदलतो. थोडंफार एचटीएमएल (वेबपानं लिहायची भाषा) येत असेल तर स्वतःच्या खुणाही करता येतात. मी एक दुसऱ्या भाषेसाठी केली आहे आणि एक रोमन लिपीतल्या उच्चारांसाठी, जरा लहान अक्षरात. लिपी वाचता येत नाही म्हणून नुसताच उभा राहणारा माणूस या तिसऱ्या ओळीच्या आधाराने गायला लागतो. एका स्लाइडवर दोनच भाषा ठेवा मात्र. चारही दाखवल्या की सगळ्यांचा मान राखल्यासारखं वाटतं खरं, पण मागच्या रांगेला काहीच दिसत नाही. आणि दर गीताला एकच भाषा वर नको. लोक बोलून दाखवत नाहीत, लक्षात सगळ्यांच्या येतं. ते कुठलंही सॉफ्टवेअर सांगणार नाही, गीतं निवडणाऱ्यानेच बघायचं.

वादकांचीही सोय आहे. शब्दांमध्ये चौकोनी कंसात कॉर्ड लिहिल्या की त्या एकाच वायफायवरच्या टॅबलेटवर ब्राउझरमध्ये दिसतात, पट्टीही वरखाली करता येते. कॉर्ड लिहायची पद्धत इंग्रजी, जर्मन किंवा डो-रे-मी अशी निवडता येते. डो-रे-मीवर शिकलेला गिटारवाला खूश. बाकीच्यांची समजूत तुम्ही काढा.

कष्ट आहेत ते टंकण्याचे. दोन भाषांच्या ओळी एकाखाली एक हातानेच जुळवायच्या. एखाद्या वेळी एकच भाषा हवी असते, म्हणून मी अशा गीताची वेगळी प्रत ठेवतो. थीमचा, म्हणजे स्लाइडच्या ठरवलेल्या रूपाचा, फॉन्ट सगळ्या लिपींना चालणारा घ्या, नाहीतर जोडाक्षरं विस्कटतात. कडव्यांचा क्रम आधी लावता येतो. ध्रुवपद आणखी एकदा घ्यावंसं वाटलं तर त्या स्लाइडवर क्लिक केलं की झालं. त्यासाठी कॉम्प्युटरवर बसणाऱ्याचे डोळे मात्र तुमच्याकडे हवेत. आमच्याकडे ते काम गाणाऱ्यालाच देतो.

सीसीएलआय ही चर्चना गीतं वापरायचा परवाना देणारी संस्था; तिच्या साँगसिलेक्ट या गीतसंग्रहाचं खातं असेल तर तिथली गीतं थेट ओपनएलपीत घेता येतात. गीतात सीसीएलआय क्रमांकाची जागा आहे, तो भरा. घरी केलेला अनुवाद पडद्यावर टाकायचा असेल तर आधी परवान्याच्या अटी वाचा. अधिकृत अनुवाद असेल तर तोच घ्या, भले तुमचा जास्त गोड असला तरी.